वाचकांचे प्रश्न : जुन्या भिंती, नवी यंत्रे आणि विजेचा हिशेब

संस्थांमधील ऊर्जाबचत, पर्यावरण व्यवस्थापन आणि ऐतिहासिक वास्तूंची देखभाल या विषयांवर वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न या वेळी उत्तरांसाठी घेतले आहेत. बहुतेक पत्रांचा सूर ‘कोणते यंत्र घ्यावे’ असा आहे. त्यामुळे काही उत्तरे खरेदीच्या आधी करायच्या कामांकडे वळली आहेत, आणि ती मुद्दामच तशी लिहिली आहेत.

प्रश्न : आमच्या कार्यालयात सर्व दिवे बदलून एलईडी बसवले, गच्चीवर सौर पॅनलही लावले. तरीही एकूण वीजवापर अपेक्षेइतका कमी झालेला नाही. आमचे काय चुकले असावे?

उत्तर : दिवे बदलण्यात आपले काहीच चुकलेले नाही. सौर पॅनलमुळे मात्र वीज कोठून येते एवढेच बदलते. ती किती लागते यात फरक पडत नाही. आपल्या पत्रात एक महत्त्वाची माहिती आलेली नाही, आणि ती म्हणजे रात्री दोन वाजता, इमारतीत पहारेकऱ्याखेरीज कोणी नसताना, आपला मीटर किती भार दाखवतो. हा आकडा बहुतेक संस्थांना ठाऊक नसतो आणि पहिल्यांदा पाहिल्यावर तो अनेकांना खरा वाटत नाही.

समजा, आपले कार्यालय आठवड्याला 60 तास चालते आणि त्या वेळी सरासरी भार 100 किलोवॅट असतो. कार्यालय बंद असतानाचा भार 40 किलोवॅट आहे असे धरू. आठवड्याचे एकूण तास 168, म्हणजे कार्यालय 108 तास बंद असते. कामाच्या वेळेत 6,000 युनिट खर्च होतात आणि बंद काळात 4,320. एकूण विजेचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग कोणीही नसलेल्या इमारतीत खर्च होतो आणि दिव्यांचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो. तो भाग वायुवीजनाच्या पंख्यांत, पाण्याच्या पंपांत, शीतकरणाच्या यंत्रणेत, सर्व्हरच्या खोलीत आणि चार वर्षांपूर्वी एका कार्यक्रमासाठी वेळ वाढवून मग तसाच ठेवलेल्या टायमरमध्ये दडलेला असतो.

म्हणून पहिले काम असे करावे : दर पंधरा मिनिटांच्या किंवा निदान दर तासाच्या नोंदी मिळवाव्यात, त्यांचा आठवड्याचा आलेख काढावा आणि एका रात्री देखभाल विभागातील जाणकार माणसाला सोबत घेऊन प्रत्यक्ष इमारतीतून फिरावे. जे यंत्र चालू दिसेल त्याच्यासमोर उभे राहून ‘हे आत्ता कोणासाठी चालू आहे?’ असे विचारावे. या एका फेरीत जे हाती लागते ते अनेक जाडजूड अहवालांत सापडत नाही, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट पंख्यांची आणि पंपांची. पंख्याला लागणारी शक्ती त्याच्या गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. गती 80 टक्क्यांवर आणली की शक्ती 0.8 च्या घनाइतकी, म्हणजे साधारण 51 टक्के उरते. हवा पाचवा हिस्सा कमी, वीज जवळजवळ निम्मी. अनेक इमारतींत पंखे पूर्ण गतीने चालवून वाटेतील झडपा अर्धवट बंद करून ठेवलेल्या असतात. गाडीचा वेगही वाढवावा आणि ब्रेकही दाबून धरावा, तसे हे होते. गती नियंत्रित करणारे उपकरण बसवले की झडपा उघड्या ठेवता येतात. एकाच मजल्यावर एका बाजूला हवा गरम आणि दुसऱ्या बाजूला थंड केली जात नाही ना, हेही पाहावे.

बचत मोजताना केवळ मागच्या वर्षीच्या बिलाशी तुलना करू नये. हवामान, कर्मचाऱ्यांची संख्या आणि कामाचे तास बदलले की वापर बदलतो. आधी एक आधारवर्ष ठरवावे, या घटकांचा वापराशी असलेला संबंध काढावा आणि ‘काहीच केले नसते तर या वर्षी किती वीज लागली असती’ याच्याशी प्रत्यक्ष वापर ताडून पाहावा. कदाचित आपली बचत झालेलीही असेल आणि वाढलेल्या कामाने ती झाकली गेली असेल.

प्रश्न : आयएसओ 14001 आणि आयएसओ 50001 यांत फरक काय? दोन्ही प्रमाणपत्रे घ्यावीत का?

उत्तर : आयएसओ 14001 हे पर्यावरण व्यवस्थापनाचे मानक 1996 मध्ये प्रथम आले; कचरा, सांडपाणी, हवेतील उत्सर्जन, कच्चा माल, कायदेशीर बंधने असे संस्थेचे सर्व पर्यावरणीय परिणाम त्याच्या कक्षेत येतात. आयएसओ 50001 हे 2011 मध्ये आले, 2018 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली, आणि ते केवळ ऊर्जेविषयी आहे. दोन्ही मानके किती वीज वापरावी किंवा किती धूर सोडावा याची मर्यादा घालून देत नाहीत. नियोजन, अंमलबजावणी, तपासणी आणि सुधारणा या चक्राची शिस्त लावतात. मात्र 50001 मध्ये आधाररेषा (तुलनेसाठी धरलेला सुरुवातीचा वापर) आणि ऊर्जा-कामगिरीचे निर्देशक ठरवावे लागतात आणि ती कामगिरी सातत्याने सुधारत असल्याचे दाखवावे लागते. केवळ फायली नीट ठेवून तेथे भागत नाही. 14001 ची 2015 ची आवृत्ती आणि 50001 ची 2018 ची आवृत्ती यांची प्रकरणरचना समान असल्याने दोन्ही एकाच व्यवस्थेत बसवता येतात.

प्रमाणपत्र घ्यावे की नाही हा दुय्यम प्रश्न आहे. ग्राहक किंवा कायदा ते मागत असेल तर घ्यावे. मागत नसेल तर प्रमाणपत्राविनाही मानकाची पद्धत वापरता येते. संस्थेच्या प्रमुखांनी दर तीन महिन्यांनी ऊर्जेचे आकडे स्वतः पाहिले आणि त्यावर निर्णय दिले तर व्यवस्था चालते. ते काम कनिष्ठ अधिकाऱ्याच्या गळ्यात घालून त्याला खर्चाचा अधिकार दिला नाही, तर भिंतीवरचे प्रमाणपत्र तेवढे उरते.

विजेच्या नादात एक पर्यावरणीय बाब हमखास सुटते, ती येथेच सांगतो. वातानुकूलनाच्या यंत्रांतील शीतक वायू गळतात. सर्रास वापरल्या जाणाऱ्या आर-410ए या वायूची तापमानवाढीची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 2,000 पट आहे. वर्षभरात असा 10 किलो वायू गळाला तर सुमारे 20 टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते. यंत्रात वायू भरणाऱ्या तंत्रज्ञाकडून प्रत्येक वेळी किती किलो भरला याची नोंद घ्यावी. दरवर्षी ‘थोडा गॅस’ भरावा लागत असेल तर तेथे गळती आहे, आणि वायू भरण्याआधी ती बुजवणे हेच खरे काम आहे.

प्रश्न : आमच्या विश्वस्त संस्थेकडे शंभर वर्षांहून जुनी, जाड दगडी भिंतींची इमारत आहे. आतून उष्णतारोधक थर लावावा, भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा करावा आणि सर्व लाकडी खिडक्या काढून दुहेरी काचेच्या नव्या खिडक्या बसवाव्यात, असा सल्ला एका ठेकेदाराने दिला आहे. आम्ही तो मानावा का?

उत्तर : तूर्त यांपैकी एकही काम सुरू करू नये, अशी माझी आपणांस कळकळीची विनंती आहे. हे तिन्ही उपाय नव्या इमारतींच्या तर्कावर बेतलेले आहेत. आपली इमारत वेगळ्या तत्त्वावर उभी आहे आणि ते तत्त्व ओलाव्याशी निगडित आहे.

आधुनिक भिंत पाणी आत येऊच नये अशा बेताने रचलेली असते. जुनी दगड-चुन्याची भिंत पाणी थोडे आत घेते आणि ऊन-वारा मिळाला की पुन्हा बाहेर सोडते. चुन्याच्या दरजा (दगडांमधील सांधे) आणि चुन्याचा गिलावा हे तिचे पाणी बाहेर टाकण्याचे मार्ग आहेत. त्यावर सिमेंट चढवले की हे मार्ग बंद होतात. सिमेंट कडक असल्याने भिंतीच्या बारीक हालचालींबरोबर ते हलत नाही, त्याला केसासारख्या भेगा पडतात, त्या भेगांतून पावसाचे पाणी आत शिरते आणि मागे अडकून राहते. दरजा सिमेंटने भरल्या असतील तर ओल दगडातूनच बाहेर पडू पाहते. तिच्याबरोबर आलेले क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली स्फटिकरूप धारण करतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. कोरीव काम या मार्गाने नष्ट होते आणि ते परत आणता येत नाही. शिवाय ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा उष्णता अधिक वेगाने वाहून नेते. म्हणजे ज्या उपायाने ऊर्जा वाचवायची, त्याच उपायाने ती अधिक जाऊ लागते.

आतून लावायच्या उष्णतारोधक थराचेही तसेच आहे. थंड हवामानात असा थर लावला की खोलीतील उष्णता भिंतीपर्यंत पोहोचत नाही आणि मूळ भिंत पूर्वीपेक्षा थंड राहते. खोलीतील बाष्प फटींतून थरामागे गेले की त्या थंड पृष्ठभागावर त्याचे पाणी होते. मजल्यांच्या लाकडी तुळयांची टोके याच भिंतीत बसवलेली असतात. लाकडातील ओलावा 20 टक्क्यांच्या वर गेला आणि तसाच राहिला की बुरशीने ते कुजू लागते, आणि हे सर्व थराच्या मागे, नजरेआड घडते. उष्ण व दमट हवामानात दिशा उलटी होते : बाहेरचे बाष्प वातानुकूलित खोलीकडे सरकते आणि आतल्या अभेद्य रंगामागे किंवा प्लास्टिकच्या भिंतकागदामागे साचते. हवामान कोणतेही असो, बाष्प कोणत्या बाजूने येते आणि कोठे अडते हे कळल्याशिवाय जुन्या भिंतीवर थर चढवू नये. थर आवश्यकच ठरला तर चुना-आधारित गिलावा, लाकडी तंतूंचे फलक यांसारखी बाष्प जाऊ देणारी सामग्री वापरता येते. जाडी मात्र त्या भिंतीचा अभ्यास करूनच ठरवावी लागते.

यात आणखी एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. जाड दगडी भिंतींतून जाणारी उष्णता कोष्टकांतील प्रमाण आकड्यांवरून काढली जाते. परंतु ब्रिटनमध्ये अशा भिंतींवर प्रत्यक्ष मोजमापे घेतली गेली, तेव्हा अनेक भिंती कोष्टकात मानल्या होत्या त्यापेक्षा चांगल्या निघाल्या. विल्यम मॉरिस यांनी 1877 मध्ये ज्या संस्थेची स्थापना केली, त्या प्राचीन वास्तुसंरक्षण संस्थेनेही अशी मोजमापे केली आहेत. ठेकेदाराच्या अंदाजपत्रकातील ‘अपेक्षित बचत’ कोष्टकावरून काढलेली असेल, तर ती फुगलेली असण्याची शक्यता बरीच आहे.

आता खिडक्या. जुन्या खिडक्यांचे लाकूड बहुधा सावकाश वाढलेल्या झाडांचे, घट्ट रेषांचे असते आणि खराब झालेला भाग कापून तेवढाच नवा बसवता येतो. दुहेरी काचेच्या तयार खिडकीत दोन काचांमधील सांधा निकामी झाला की बाष्प आत शिरते आणि तो संपूर्ण संचच बदलावा लागतो. स्कॉटलंडमध्ये पारंपरिक सरकत्या खिडक्यांवर झालेल्या चाचण्यांत खिडकीच्या नुसत्या लाकडी झडपा बंद केल्याने काचेतून जाणारी उष्णता सुमारे 51 टक्क्यांनी, तर आतून दुसरे तावदान बसवल्याने सुमारे 63 टक्क्यांनी घटली. ज्या झडपा आपल्या इमारतीत आधीच आहेत आणि रंगाचे थर साचल्याने कित्येक वर्षे हललेल्या नाहीत, त्या दुरुस्त करणे हे किती फायद्याचे काम आहे ते यावरून दिसेल. ऊन ही आपली अडचण असेल तर बाहेरच्या झडपा, छज्जे आणि झाडांची सावली अधिक उपयोगी, कारण काचेतून आत आलेले ऊन आतल्या पडद्याने पूर्णपणे परतवता येत नाही.

मग करावे काय? सर्वांत आधी पन्हाळी, पावसाचे नळ आणि छप्पर. तुंबलेले एक पन्हाळ सबंध भिंत ओली ठेवू शकते. मग भिंतींच्या पायथ्याशी वाढलेली मातीची आणि फरशीची पातळी उतरवावी. त्यानंतर छपराखालच्या पोकळीत, वायुवीजन अबाधित ठेवून, उष्णतारोधक थर घालावा. उष्णतेची ये-जा रोखण्याचा हा सर्वांत कमी जोखमीचा मार्ग आहे. दारे-खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात, पण खोल्या कोंदट होणार नाहीत इतपतच. भिंतींचा क्रम सगळ्यात शेवटी लागतो आणि अनेकदा तेथवर जाण्याची गरजच उरत नाही. ऐतिहासिक इमारतींची ऊर्जा-कामगिरी सुधारण्यासाठी ईएन 16883 हे युरोपीय मानक 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात तयार उपायांची यादी नाही, तर इमारतीचे महत्त्व, तिची सद्यःस्थिती आणि प्रत्येक उपायाचे धोके तपासून निर्णयापर्यंत कसे यावे याची पद्धत आहे. आपल्या विश्वस्तांनी वास्तुसंवर्धनाचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाची नेमणूक करून त्या पद्धतीने अहवाल मागवावा. आणि ज्याचा उपाय विकला जाणार आहे, त्याच्याकडूनच निदान करून घेऊ नये.

प्रश्न : आमच्या संग्रहालयात चोवीस तास वातानुकूलन चालते, कारण तापमान आणि आर्द्रता जराही हलू नये असे आम्हाला सांगण्यात आले आहे. यात बचतीला वाव आहे का?

उत्तर : आहे, आणि तो वस्तूंची हेळसांड न करता मिळू शकतो. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीतील चित्रे 1941 मध्ये वेल्समधील मॅनोड येथील स्लेटच्या खाणीत हलवण्यात आली होती. तेथे तापमान आणि आर्द्रता स्थिर राखल्यावर चित्रांवरील रंग सुटण्याच्या तक्रारी ठळकपणे घटल्या. स्थिरतेचे महत्त्व त्यातून पटले. पुढे मात्र त्याचे रूपांतर अतिशय अरुंद मर्यादांच्या आग्रहात झाले, आणि त्या मर्यादा वस्तूंच्या गरजेपेक्षा यंत्रांच्या क्षमतेवर अधिक बेतलेल्या होत्या.

आता विचार बदलला आहे. जगातील मोठ्या संग्रहालयांच्या बिझो गटाने मान्य केलेल्या मार्गदर्शक मर्यादांनुसार बहुतेक वस्तूंसाठी सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाची हवा धरू शकेल त्या बाष्पापैकी प्रत्यक्ष असलेला भाग) 40 ते 60 टक्के आणि तापमान 16 ते 25 अंश सेल्सिअस चालते, मात्र चोवीस तासांत आर्द्रतेतील चढउतार 10 टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. 2010 च्या ईएन 15757 या मानकाची भूमिका याहून मार्मिक आहे : लाकूड, कापड, चर्म यांसारख्या वस्तू दीर्घकाळ ज्या आर्द्रतेत टिकल्या, ती त्यांची ‘सवय’ मानावी आणि तिच्या आसपास राहावे. रंगीत छायाचित्रे, चित्रफिती आणि गंजणारे धातू यांना हे नियम लागू नाहीत. त्यांची वेगळी सोय करावी लागते.

एक साधे गणितही ध्यानात ठेवावे. 10 अंश तापमानाची आणि 80 टक्के आर्द्रतेची हवा तिच्यातील बाष्प न बदलता 20 अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे 42 टक्के होते. म्हणून थंड प्रदेशांतील ऐतिहासिक वास्तूंत, माणसांना उबदार वाटावे यासाठी न तापवता, आर्द्रता वर गेली की तेवढ्यापुरते तापवण्याची पद्धत वापरतात. तुमच्या दालनात आधी वर्षभराच्या नोंदी घ्या. नाजूक वस्तू घट्ट बंद होणाऱ्या पेट्यांत आर्द्रता शोषणाऱ्या सिलिका जेलसह ठेवता आल्या, तर संपूर्ण दालनाऐवजी पेटीतील हवाच सांभाळावी लागेल. मर्यादा टप्प्याटप्प्याने सैल कराव्यात आणि प्रत्येक टप्प्यावर वस्तूंची तपासणी संवर्धकाने करावी.

प्रश्न : वारसा वास्तूवर सौर पॅनल किंवा उष्णता पंप बसवणे योग्य आहे का?

उत्तर : योग्य जागी, आवश्यक त्या परवानगीने आणि पुन्हा काढून घेता येईल अशा रीतीने बसवले तर निश्चितच. इंग्लंडमधील ग्लॉस्टर कॅथीड्रलच्या छपरावर 2016 मध्ये 150 सौर पॅनल बसवण्यात आले. वेल्समधील प्लास नेवीड या जुन्या वाड्यात 2014 मध्ये समुद्राच्या पाण्यातून उष्णता घेणारा 300 किलोवॅटचा पंप बसवण्यात आला. तेथे पूर्वी मोठ्या प्रमाणात तेल जाळावे लागे. बर्लिनमधील राइशटाग या जर्मन संसदेच्या इमारतीच्या 1999 मध्ये पूर्ण झालेल्या नूतनीकरणात जमिनीखालील जलधर थरांत उन्हाळ्यातील उष्णता आणि हिवाळ्यातील थंडावा साठवण्याची सोय केली गेली. मात्र यंत्राचा आकार आधी मागणी कमी करून मगच ठरवावा. अन्यथा मोठे यंत्र घेतले जाते आणि ते आयुष्यभर अर्ध्या भाराने, अकार्यक्षमपणे चालते.

प्रश्न : आमची जुनी इमारत इतकी ऊर्जा खाते, की ती पाडून नवी हरित इमारत बांधावी असे संचालक मंडळाचे मत आहे. आपले मत काय?

उत्तर : नवी इमारत चालवताना वीज कमी लागेल, हे खरे मानू. पण ती उभारताना सिमेंट, पोलाद आणि काच यांच्या निर्मितीत जे उत्सर्जन होते ते पहिल्याच दिवशी वातावरणात जाते आणि पुढील बचतीतून त्याची भरपाई व्हायला अनेकदा दशके लागतात. मंडळापुढे केवळ चालू वापराचे नव्हे, तर पाडकाम, नवे साहित्य आणि पुढील साठ वर्षांचा वापर असे एकत्र गणित ठेवावे.

सोबत न्यूयॉर्कमधील एम्पायर स्टेट इमारतीचे उदाहरणही ठेवावे. 1931 मध्ये उघडलेल्या या इमारतीच्या ऊर्जासुधारणेचे काम 2009 मध्ये जाहीर झाले. सुधारणेचे उद्दिष्ट ऊर्जावापर 38 टक्क्यांनी घटवण्याचे होते. तेथील 6,514 खिडक्या फेकून न देता इमारतीतच एक कार्यशाळा उभारून त्यांच्या जुन्या काचा साफ केल्या गेल्या, दोन काचांमध्ये एक पातळ पडदा आणि वायू भरून त्या पुन्हा बसवल्या गेल्या. उष्णता रोखणाऱ्या तावदानांमुळे, रेडिएटरमागे लावलेल्या थरामुळे आणि दिव्यांतील बदलांमुळे शीतकरणाची गरज एवढी घटली, की नवे मोठे चिलर (शीतकरणाची मुख्य यंत्रे) घेण्याऐवजी जुन्यांचीच पुनर्बांधणी करून भागले, आणि तो वाचलेला खर्च इतर सुधारणांकडे वळवता आला. चिलरची खरेदी आधी झाली असती तर हा मार्ग कायमचा बंद झाला असता. आपल्या मंडळाने पाडण्याचा ठराव करण्यापूर्वी निदान एक पूर्ण वर्ष इमारतीच्या प्रत्येक मोठ्या यंत्रावर स्वतंत्र मीटर लावावेत आणि त्या वर्षाचे आकडे हाती आल्यावरच पुढची बैठक बोलवावी.